विसाची पाटी: न्यूयॉर्क शहर आणि ‘सॅमीचा कायदा’

ब्रुकलिनमधल्या प्रॉस्पेक्ट पार्कच्या पश्चिम अंगाला लागून एक रस्ता जातो. नाव साधंच, प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट. एका बाजूला बागेची झाडी, दुसऱ्या बाजूला जुनी दगडी घरं आणि इमारती, मधून दक्षिणेकडे जाणारी एकेरी वाहतूक. वरच्या टोकाला ग्रँड आर्मी प्लाझा, खालच्या टोकाला बार्टेल-प्रिचर्ड स्क्वेअर. चालत निघालं तर वीसेक मिनिटांचं अंतर. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या खांबांवर वेगमर्यादेच्या नव्या पाट्या लागल्या. आधीचा आकडा २५ होता, आता २०. हे मैल, किलोमीटरमध्ये सांगायचं तर ताशी ४० वरून ३२.

पाटी बदलायला शिडी, पाना आणि दोन माणसं पुरतात. तरीही जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकाला हे काम स्वतःच्या मर्जीने करता येत नव्हतं. त्यासाठी राज्याच्या राजधानीत, म्हणजे अडीचशे किलोमीटरवरच्या ऑल्बनीत, कायदा व्हावा लागला. तो करा म्हणून शहराने ठराव केले, पत्रकं काढली, महापौर आणि आयुक्त बोलले. कायदा झाला, गव्हर्नरची सही झाली, शहराने स्वागत केलं. शहर सरकार राज्याच्या नव्या कायद्याला ‘पाठिंबा’ देतं म्हणजे नेमकं काय करतं, हे इतकं उघडपणे दाखवणारी प्रकरणं फार नसतात. म्हणून हे निवडलं.

८ ऑक्टोबर २०१३

त्या दिवशी सॅमी कोहेन एकस्टीन हा १२ वर्षांचा मुलगा या रस्त्यावर चेंडूमागे धावला आणि एका व्हॅनची धडक बसून गेला. त्याची आई एमी कोहेन पुढे अशाच इतर घरांना बरोबर घेऊन ‘फॅमिलीज फॉर सेफ स्ट्रीट्स’ या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाली. रस्त्यावर आपलं माणूस गमावलेल्यांची ही संघटना. पुढच्या दहा वर्षांत ऑल्बनीत वाहतुकीचा कोणताही कायदा निघाला, की ही माणसं छातीशी फोटो धरून विधानभवनाच्या जिन्यावर उभी असायची.

इथे एक गोष्ट नोंदवून पुढे जाऊ, कारण ती पुढे कामाला येणार आहे. प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट हा काही दुर्लक्षित रस्ता नव्हता. २०१० मध्येच वाहतूक खात्याने त्याची मोटारींची एक लेन काढून दुहेरी सायकलमार्ग बनवला होता. तीन लेनच्या दोन झाल्या. त्यावर रहिवाशांच्या एका गटाने शहराला कोर्टात खेचलं, आणि तो दावा २०१६ पर्यंत लोंबकळत राहिला. लेन कमी झाल्यावर वाहनांचा वेग उतरला, हे खात्याच्या मोजणीत दिसलं होतं. इतकं होऊनही तीन वर्षांनी हा मुलगा गेला. रस्ता सुधारला म्हणजे धोका संपला असं होत नाही, आणि वेगाच्या पाटीवरचा आकडा तेव्हा ३० होता. त्या व्हॅनचा त्या क्षणीचा वेग किती होता, या वादात मी शिरत नाही. कायद्याची मागणी एका अपघाताच्या पंचनाम्यावर उभी नव्हती.

ती गणितावर उभी होती. ते गणित एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे.

समजा, चालकाच्या डोळ्याला मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, आणि कोरड्या रस्त्यावर गाडीचे ब्रेक उत्तम आहेत. ताशी २० मैलांनी येणारी गाडी साधारण १९ मीटरमध्ये थांबते. त्याच जागी, त्याच क्षणी मूल पाहणाऱ्या २५ मैलांच्या गाडीला त्या दीड सेकंदातच जवळपास १७ मीटर लागतात. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी अजून २० मैलांहून जास्त वेगाने पुढे सरकत असते. आणि ३० मैलांची गाडी? तिच्या चालकाचा पाय तिथवर ब्रेकवर पडलेलाच नसतो. ती पूर्ण ३० च्या वेगाने त्या बिंदूवरून जाते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २५ वरून २० वर आलं तरी ती ३६ टक्क्यांनी उतरते. पाच मैलांनी काय होणार, असं म्हणणाऱ्याला या १९ मीटरवर उभं करावं.

किल्ली ऑल्बनीत

न्यूयॉर्क शहरात सहा हजार मैलांहून जास्त लांबीचे रस्ते आहेत. ते झाडतं शहर, दुरुस्त करतं शहर, सिग्नल शहराचे, पाट्या शहराच्या. पण वेगमर्यादा किती खाली नेता येईल, हे राज्याच्या वाहतूक कायद्यात लिहिलेलं आहे. शहराच्या बाबतीत तो तळ २५ होता. त्याखाली जायचं तर रस्त्यावर गतिरोधक किंवा तसलंच काही बांधकाम हवं. ब्रॉन्क्समधल्या क्लेअरमाँट वस्तीत २०११ मध्ये असा पहिला ‘मंद विभाग’ झाला होता. म्हणजे २० ची पाटी अगदीच अशक्य नव्हती. पण प्रत्येक गल्लीत उंचवटे बांधत बसायचं, तर एवढ्या शहराला किती दशकं लागतील, याचा हिशोब कोणीही करावा.

वेगाचे कॅमेरेही तसेच. शहराने कॅमेरे किती लावायचे, कुठे लावायचे, दिवसाच्या कोणत्या वेळी चालवायचे, सगळं राज्याच्या कायद्यात, आणि वर त्याला मुदत. २०१३ मध्ये २० शाळांच्या परिसरापुरती परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी १४०. जुलै २०१८ मध्ये मुदत संपली आणि विधिमंडळाने ती वाढवलीच नाही. कॅमेरे खांबावर होते, वीज होती, गाड्या सुसाट जाताना दिसत होत्या. पावती मात्र पाठवता येत नव्हती. शाळा उघडायच्या तोंडावर, ऑगस्टअखेर, गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी आणीबाणीचा आदेश काढून आणि सिटी कौन्सिलने स्थानिक कायदा करून कसंबसं ते सुरू केलं. २०१९ च्या कायद्याने शाळांचे ७५० परिसर मिळाले, पण वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते रात्री दहा. शनिवारी मध्यरात्री कोणी ७० मैलांनी गेला, तर कॅमेऱ्याने डोळे मिटून घ्यायचे. १ ऑगस्ट २०२२ पासून ते चोवीस तास चालू झाले, त्यासाठी पुन्हा एक राज्य कायदा, पुन्हा गव्हर्नरची सही. त्या कायद्याची मुदतही २०२५ ची होती. ती आता २०३० पर्यंत गेली आहे.

लाल सिग्नलचे कॅमेरे शहराने १९९४ मध्ये लावले. तीस वर्षं झाली, शहराच्या हजारो सिग्नलपैकी १५० चौकांपलीकडे राज्याने जाऊ दिलं नाही. २०२४ मध्ये तो आकडा ६०० झाला.

हे सगळं सांगण्याचं कारण इतकंच, की शहराचा ‘पाठिंबा’ या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. घराची किल्ली दुसऱ्याकडे असलेल्या माणसाने दार उघडण्याला पाठिंबा देणं, असा हा प्रकार आहे.

ठरावाचा पाठिंबा

२० मैलांचा अधिकार शहराला देणारं विधेयक २०२० मध्ये मांडलं गेलं. पुढे राज्य विधिमंडळाच्या दोन सभागृहांपैकी सिनेटमध्ये ब्रॅड हॉयलमन-सिगल आणि असेम्ब्लीत लिंडा रोझेंथल यांनी ते लावून धरलं. विधेयकात शहरावर सक्ती काहीच नव्हती. वेग कमी ‘करावा’ असं नाही, ‘करता येईल’ असं. एवढ्यावर कोण अडवेल, असं वाटतं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

पहिलं विघ्न शहराचंच. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात अशी तरतूद आहे, की एकाच शहराच्या कारभाराबाबत खास कायदा करायचा, तर त्या शहराकडून तशी विनंती यावी. याला ‘होम रूल मेसेज’ म्हणतात. ५१ सदस्यांच्या सिटी कौन्सिलने दोन-तृतीयांश मतांनी ठराव करायचा, किंवा महापौराने विनंती करून कौन्सिलने साध्या बहुमताने त्याला दुजोरा द्यायचा. तरतूद चांगल्या हेतूची आहे. राज्याने शहराच्या डोक्यावर परस्पर काही लादू नये. प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंना सोयीची पळवाट होते. ऑल्बनीतले आमदार म्हणतात, शहराचा ठराव तर येऊ द्या. शहरातले नगरसेवक म्हणतात, ऑल्बनीचा कल तर कळू द्या. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि अधिवेशन संपतं.

२०२२ मध्ये हेच झालं. कौन्सिलने चोवीस तास कॅमेऱ्यांसाठी ठराव केला, वेगमर्यादेसाठी नाही. यात बरो-बरोचं, म्हणजे शहराच्या पाच विभागांमधलं, राजकारण आहे. मॅनहॅटनमधल्या नगरसेवकाच्या मतदारांकडे बहुतेकदा गाडीच नसते. स्टेटन आयलंड किंवा पूर्व क्वीन्समध्ये गाडीशिवाय दूध आणता येत नाही. तिथल्या नगरसेवकाला ‘वेग कमी’ हे शब्द उच्चारणं महागात पडतं. महापौर एरिक ॲडम्स आणि त्यांचे वाहतूक आयुक्त इदानिस रॉड्रिगेझ विधेयकाच्या बाजूने बोलत होते. तरीही ठराव निघायला २०२३ उजाडलं.

त्या वर्षी कौन्सिलने अखेर ठराव दिला. सिनेटने विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर कॅथी होकल यांनी तर वर्षाच्या सुरुवातीलाच हा विषय स्वतःच्या कार्यक्रमात घेतला होता. आता घोडं अडलं असेम्ब्लीत. एमी कोहेन आणि इतर काही जणांनी ऑल्बनीत उपोषण केलं. तरी असेम्ब्लीत विधेयक मतालाच आलं नाही. अध्यक्ष कार्ल हेस्टी यांच्या सभागृहात तेव्हा पुरेसा पाठिंबा जमला नव्हता, म्हणजे ज्या शहराने अधिकृत विनंती केली होती, त्याच शहरातून निवडून गेलेल्या काही सदस्यांना ती विनंती मान्य नव्हती.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा क्षण हाच आहे. ‘शहराचा पाठिंबा’ हे बोलायला एकवचन आहे. महापौराचा पाठिंबा एक, कौन्सिलचा दुसरा, शहरातून राज्याच्या सभागृहात गेलेल्या डझनावारी प्रतिनिधींचा तिसरा. पहिले दोन मिळाले म्हणून तिसरा गृहीत धरला, की एक अधिवेशन वाया जातं.

सहीचा पाठिंबा

एप्रिल २०२४ मध्ये गंगेत घोडं न्हालं, पण ते घाटावरून नाही. स्वतंत्र विधेयक म्हणून नव्हे, राज्याच्या अर्थसंकल्पाच्या जाड बाडात ही तरतूद घातली गेली. अर्थसंकल्पाला मत देताना कोणा सदस्याला ‘मी वेग कमी केला’ असं वेगळं सांगावं लागत नाही. होकल यांच्या सहीने कायदा झाला आणि लोक त्याला पहिल्यापासून म्हणत होते तेच नाव रूढ झालं, सॅमीचा कायदा.

असा मागच्या दाराने आलेला कायदा तडजोडीने आलेला असतो. या तडजोडीचं एक कलम नीट वाचण्यासारखं आहे. मॅनहॅटन सोडून इतर चार बरोंमध्ये, एकाच दिशेला तीन किंवा जास्त लेन असलेल्या रस्त्यांवर हा अधिकार चालणार नाही. तिथे २५ तसेच.

कागदावर हे कलम वाजवी दिसतं. मोठे रस्ते वाहतुकीसाठी, गल्ल्या माणसांसाठी. पण शहराच्याच वाहतूक खात्याने २०१४ मध्ये सांगितलेला आकडा याच्या शेजारी ठेवा. हमरस्ते म्हणजे एकूण रस्त्यांच्या १५ टक्के. पादचाऱ्यांचे मृत्यू मात्र त्यांच्यावर ६० टक्के. सगळे हमरस्ते तीन लेनचे नसतात, हे खरं. तरी क्वीन्स बुलेव्हार्डसारखा रस्ता, ज्याला लोकांनी ‘मृत्यूचा बुलेव्हार्ड’ असं नाव दिलं होतं, नेमका या कलमाच्या पलीकडे राहतो. ज्या रस्त्यांवर औषधाची गरज जास्त, तिथेच बाटलीचं झाकण उघडायचं नाही.

शहराने या कलमावर जाहीरपणे फार तक्रार केली नाही. चार वर्षांनी काहीतरी हाती आलं होतं. त्याला नावं ठेवायची कोणाला हौस नव्हती. महापौर, आयुक्त, कौन्सिल सगळ्यांनी स्वागत केलं. स्वागताच्या पत्रकांवर मी वेळ घालवणार नाही. ती कुठल्याही शहरात, कुठल्याही कायद्याची, नाव बदललं तर एकमेकांच्या जागी चालतात.

खांबावरचा पाठिंबा

सही झाल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. कायदा ‘करता येईल’ म्हणणारा. आता करायचं कोणी? ऑल्बनी अडवतंय, हे वाक्य दहा वर्षं शहराच्या तोंडात बसलं होतं. ते एका दिवसात निरुपयोगी झालं.

तुलनेला शहराचाच जुना दाखला आहे. २०१४ मध्ये बिल डी ब्लाझिओ महापौर झाले आणि रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणायचा ‘व्हिजन झिरो’ हा कार्यक्रम आला. त्याच्या आदल्या वर्षी शहरात जवळपास ३०० माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मेली होती. तेव्हाची सर्वसाधारण वेगमर्यादा ३०. ती २५ करायलाही राज्याची परवानगी लागली. कुओमो यांनी ऑगस्टमध्ये सही केली, कौन्सिलने ऑक्टोबरमध्ये स्थानिक कायदा केला आणि ७ नोव्हेंबर २०१४ पासून, वेगळी पाटी नसेल त्या शहरातल्या प्रत्येक रस्त्यावर २५ लागू. सहीपासून अंमलापर्यंत तीन महिने.

२०२४ मध्ये शहराने वेगळी वाट धरली. सरसकट २० नाही. वाहतूक खात्याने जाहीर केलं, की २०२५ अखेरपर्यंत २५० ठिकाणी वेग उतरवू: शाळांचे परिसर, मोटारी आणि माणसं एकत्र वावरतात असे रस्ते, आधीपासून मंद विभाग असलेल्या वस्त्या. शिवाय प्रत्येक बरोमध्ये एक मोठा ‘प्रादेशिक मंद विभाग’. मॅनहॅटनचं कॅनॉल स्ट्रीटखालचं सगळं टोक, ब्रॉन्क्समधलं सिटी आयलंड, क्वीन्समधलं ब्रॉड चॅनल, स्टेटन आयलंडवरचं सेंट जॉर्ज अशा जागा यादीत आल्या. ज्या रस्त्यांची रचनाच बदलून माणसांना पुढे आणि मोटारींना मागे ठेवलं आहे, तिथे कायदा थेट १० मैलांपर्यंत जाऊ देतो. त्याचाही वापर ठरला.

आणि प्रत्येक ठिकाणासाठी नोटीस. कायद्यात ६० दिवसांच्या सूचनेची अट आहे. त्या भागाच्या कम्युनिटी बोर्डाला कळवायचं, हरकती ऐकायच्या. शहरात अशी ५९ बोर्डं आहेत. त्यांचं मत सल्ल्यापुरतं, बंधन नाही. पण दोन महिने थांबणं बंधनकारक. कायदा एप्रिलचा, पहिली पाटी ऑक्टोबरची, ती अशी.

पहिली पाटी कुठे लावायची, यावर बहुधा फार चर्चा करावी लागली नसेल. प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट.

शहराच्या या सबुरीच्या दोन बाजू आहेत, आणि मला दोन्हींत तथ्य दिसतं. वाहतूक खात्यातला माणूस म्हणेल, पाटी म्हणजे नुसता पत्रा आहे. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असेल, तर चालक पाटीकडे न पाहता रस्त्याच्या रचनेप्रमाणे चालवतो. सगळीकडे एकदम २० लावून कोणीच पाळलं नाही, तर २० या आकड्याचीच किंमत जाते. त्यापेक्षा जिथे रस्ता आधीच अरुंद आहे, शाळा आहे, लोक मान्य करतील, तिथून सुरू करा. चळवळीतली माणसं म्हणतात, २०१४ मध्येही हेच ऐकलं होतं. तेव्हा सरसकट केलंत, आणि २०१८ पर्यंत वर्षाचे मृत्यू २०० च्या आसपास उतरले, तोवरच्या नोंदींमधला तळ. त्याचं सगळं श्रेय पाटीला नाही, कॅमेरे होते, रस्त्यांची पुनर्रचना होती. पण सरसकट आकड्याने काही बिघडलं तर नाही. शिवाय गल्ली-गल्लीत वेगळा आकडा ठेवला, की चालकाला दर वळणावर पाटी शोधावी लागते. ‘न्यूयॉर्कमध्ये २०’ हे एका ओळीत सांगता येतं. ‘न्यूयॉर्कमध्ये या अडीचशे जागी २०’ हे सांगता येत नाही.

मी कौल देईन तो दुसऱ्या बाजूला, पण पहिल्या बाजूचा एक मुद्दा मान्य करून. प्रॉस्पेक्ट पार्क वेस्टवर रचना २०१० मध्येच बदलली होती, पाटी २०२४ मध्ये बदलली. चौदा वर्षं एक काम दुसऱ्याची वाट पाहत राहिलं. रचना शहराच्या हातात होती म्हणून ती आधी झाली, आकडा राज्याच्या हातात होता म्हणून मागे राहिला. आता दोन्ही शहराच्या हातात आहेत. अशा वेळी अडीचशे हा आकडा मोठा वाटतो, तो सहा हजार मैलांशेजारी ठेवेपर्यंत.

आणखी एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंच्या भाषणांत हरवते. २० ची पाटी लागली, तर ती पाळली जाते की नाही हे पाहणार कोण? पोलीस प्रत्येक गल्लीत उभे राहत नाहीत. पाहणार कॅमेरा. शाळेपासून पाव मैलाच्या परिघात कॅमेरा असेल तर तो गाडीची नंबरप्लेट टिपतो आणि मालकाला ५० डॉलरची पावती घरी जाते. चालक कोण होता, हे विचारलं जात नाही. म्हणूनच परवान्यावर गुणही चढत नाहीत. पाटीवरचा आकडा बदलला, की कॅमेऱ्याचा हिशोबही आपोआप बदलतो. या अर्थाने २० ची पाटी नुसता पत्रा नाही. तिच्यामागे एक यंत्र जागं आहे.

पण त्या यंत्राला सूट दिलेली आहे. राज्याच्या कायद्यानुसार कॅमेऱ्याची पावती निघते ती मर्यादेपेक्षा १० मैलांहून जास्त वेग असेल तरच. २५ च्या रस्त्यावर ३६ ला. २० च्या रस्त्यावर ३१ ला. म्हणजे विसाच्या नव्या कोऱ्या पाटीखालून कोणी बरोबर ३० मैलांनी गेला, तर कॅमेरा त्याला काही म्हणत नाही.

३० हीच या रस्त्यावरची कायदेशीर मर्यादा होती, ऑक्टोबर २०१३ मध्ये. आणि ती दहा मैलांची सूट कमी करायची झाली, तर शहराला पुन्हा ऑल्बनीलाच जावं लागेल.